सीताफळाची बासुंदी आणि सूर्यास्ताची मजुरी



पावसाळा सरला की सातपुड्यात सीताफळे भरतात. धडगाव-मोलगीकडच्या डोंगरउतारांवरून पाट्या खाली येतात आणि आपल्या घरांत बासुंदी होते. दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे येतात, १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण येतो. या दिवसांतल्या आपल्या गोडाच्या वाटीकडे आज जरा विश्वासाच्या नजरेने पाहू या.

ही बासुंदी घाईने होत नाही. दोन लिटर म्हशीचे दूध मंद आचेवर ढवळत निम्मे होईपर्यंत आटवायचे, मग साखर आणि वेलदोड्याची पूड घालायची. दूध पूर्ण गार झाल्यावरच त्यात गर मिसळायचा, कारण सीताफळाचा गर तापवला तर कडवट होतो. गर चाळणीवर हाताने दाबून बिया वेगळ्या करायच्या. त्या मिक्सरमध्ये फिरवू नयेत. बी विषारी असते आणि तिची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यांना मोठी इजा होते.

आपल्याला स्वयंपाकघरात सबुरी परवडते. फळ तोडणाऱ्यांना ती परवडत नाही. सीताफळाचे डोळे उघडले की ते तोडावे लागते आणि दोन-चार दिवसांत ते मऊ पडते. डोंगरावरून आणलेली पाटी परत वर नेऊन उपयोग नसतो. हे व्यापाऱ्याला ठाऊक असते, तसे आपल्यालाही ठाऊक असते. म्हणून आपण संध्याकाळची वाट पाहतो. गाडी सुटायच्या वेळी मावशी मिळेल त्या भावात पाटी रिकामी करते आणि आपण घरी येऊन स्वस्त मिळाल्याचे कौतुक सांगतो.

अनुवादाच्या पुस्तकात (२४:१४-१५) देव आपल्या लोकांना बजावतो की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी चुकती करावी. देवाने सूर्यास्त गरिबाच्या बाजूने उभा केला. आपण भाव पाडण्यासाठी तोच त्याच्याविरुद्ध वापरतो.

आता साखरेकडे पाहू. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत आणि राज्याच्या इतर भागांत जातात. कोयता, भांडीकुंडी आणि लहान मुले घेऊन ती निघतात. आपल्यापैकी काहींच्या घरांना या दिवसांत कुलूप लागते. जाण्याआधी हाती असलेले रोख पैसे कधी या सीताफळांचेच असतात. म्हणजे एकाच वाटीत आपल्या माणसांनी तोडलेले फळ असते आणि आपल्यासारख्याच माणसांनी तोडलेल्या उसाची साखर असते.

मिस्सामध्ये अर्पणविधीच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस वेदीवर येतात तेव्हा धर्मगुरू भूमीच्या देणगीबरोबर माणसाच्या श्रमाचेही नाव घेतात. वेदीवर ज्या श्रमांचा आपण मान राखतो, त्यांच्यापुढे बाजारात घासाघीस करणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

तेव्हा या हंगामात आपण तीन गोष्टी करू या. पाटीचा भाव सकाळी जो योग्य वाटला असता, तोच संध्याकाळीही देऊ या. शेजारचे कुटुंब ऊसतोडीला निघणार असेल तर निघण्याआधी त्यांना घरी जेवायला बोलावू या. परतफेड करू न शकणाऱ्यांना जेवायला बोलवा, असे प्रभू येशूने सांगितले आहे (लूक १४:१२-१४). आणि त्यांच्या मुलांची शाळा कशी चालू राहील, हे विचारू या. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलाकडे रोज लक्ष ठेवणारे एखादे घर मिळाले, तरी त्याचे वर्ष वाचू शकते.

परमेश्वर पित्या, तू दिलेल्या फळांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. ती तोडणाऱ्या हातांचा मोबदला आमच्याकडे अडकून राहू देऊ नकोस. प्रवासाला निघालेल्यांना सांभाळ आणि त्यांना सुखरूप घरी आण. आमेन.