आपलें काय आणि उसनें काय?

ज्या वस्तूवर आपला प्राण अवलंबून असतो ती वस्तु स्वतःच्या मालकीची असावी, परक्याची नसावी, असा एक समज आम्हां मध्यमवर्गीयांत फार दृढ झालेला आहे. घर आपलें असावें, विहीर आपली असावी, औषधांची पेटी आपली असावी. भाड्याचें तें परक्याचें, आणि परक्याचें केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं. आम्हीही पन्नाशी उलटेपर्यंत हा समज तपासून न पाहतां बाळगला होता. तो तपासण्याची पाळी ज्या निमित्तानें आली तें यवतमाळसारख्या गांवीं राहणाऱ्या माणसाच्या बाबतींत थोडेंसें हास्यास्पद वाटेल. पण निमित्त निवडणें आपल्या हातीं नसतें.

यवतमाळ शहरापासून समुद्र कोणत्याही दिशेनें पांचशें किलोमीटरांच्या आंत नाहीं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, गांवतळें, पैनगंगा, अरुणावती, आणि अलीकडचें बेंबळेचें धरण. आणि त्याच्याशीं आमचा संबंध तें कपाशीला पुरेल कीं नाहीं या चिंतेपुरता. अशा घरांतील आमची कन्या पुण्यास नोकरीला लागली, गेल्या वर्षीं जानेवारींत मैत्रिणींबरोबर मालवणास गेली, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर एका शिक्षकाच्या हातांत हात देऊन वीस मिनिटें पाण्याखालीं राहून आली. फोनवर तिनें जें वर्णन केलें त्यांत मासे कमी आणि शांतता अधिक होती. मार्चांत तिनें त्याच किनाऱ्यावर चार दिवसांचा रीतसर अभ्यासक्रम पुरा केला. तो केलेल्यास अठरा मीटरांपर्यंत उतरण्याची पात्रता येते. गुढीपाडव्यास ती घरीं आली ती हातांत एक यादी घेऊनच.

यादींत मास्क होता, स्नॉर्केल होतें, पायांत चढवावयाच्या फिन्स होत्या, निओप्रीनचा अंगाबरोबर बसणारा पोशाख होता, हवेनें फुगणारें जाकीट होतें, श्वास पुरविणारा रेग्युलेटर होता, आणि खोली व वेळ मोजून केव्हां वर यावें तें सांगणारा मनगटावरचा संगणकही होता. बेरीज लाखाच्या बरीच वर गेली होती. अर्धी रक्कम तिची शिल्लक, अर्धी आम्हीं उसनी द्यावयाची. आम्हीं कपाळाला आठ्या घातलेल्या पाहून ती म्हणाली, “बाबा, लहानपणीं तुम्ही मला दुसऱ्याचा पेला तोंडाला लावूं देत नव्हतां. आतां ज्या नळींतून मी श्वास घेणार ती रोज अनोळखी माणसांच्या तोंडांत जाऊन आलेली असली तर तुम्हांला चालेल?”

हा युक्तिवाद आमच्याच शिकवणुकींतून निघालेला असल्यामुळें आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं पैशांचें कारण पुढें केलें. पण पैशांचें कारण हें तत्त्वाला उत्तर नव्हे, हें आम्हांस कळत होतें व तिलाही कळत होतें. शेवटीं मुलीची आई म्हणाली, “ज्याला कळतें त्याला विचारा कीं!” तेव्हां एप्रिलांत आम्ही दोघे बापलेक मालवणास गेलों.

तिचा शिक्षक तिशीच्या आंतला, बोलण्यावरून मालवणचाच. त्यानें यादी वाचली, खिशांतून पेन्सिल काढली, आणि मास्क तेवढा ठेवून बाकी सर्व नांवांवर रेघ ओढली. फिन्स व स्नॉर्केल हीं पुढेंमागें घेतलीं तरी चालतील, म्हणाला. उरलेलें वर्षांतून पंधरावीस वेळां उतरूं लागल्यावर पाहूं. आम्हांस आश्चर्य वाटलें तें यांतील उलट्या न्यायाचें. यादींत स्वस्तांतल्या वस्तूंपैकीं एक मास्क. तीच तेवढी विकत घ्यावयाची, आणि जो रेग्युलेटर क्षणभर बिघडला तर प्राणाशीं गांठ, तो खुशाल भाड्यानें आणावयाचा!

त्याचें कारण समजण्यासाठीं या यंत्राविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. पूर्वीं शिरस्त्राण घालून खोल उतरणाऱ्या पाणबुड्यास वरच्या होडींतून पंपानें हवा पुरवीत. वरचा माणूस थांबला कीं खालच्याचा श्वास थांबला. १९४३ सालीं फ्रेंच आरमारांतील झाक कूस्तो व अभियंता एमिल गान्यां यांनीं पाठीवरच्या सिलिंडरांतील दाबलेली हवा, पाणबुड्या श्वास घेईल तेव्हांच आणि भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें, तोंडांत सोडणारी झडप सिद्ध केली. महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झाल्यामुळें मोटारी गॅसवर चालवीत. त्या मोटारींसाठीं गान्यांनें केलेली झडप या कामीं लावण्यांत आली. म्हणजे मूळ यंत्रच उसनवारीचें! तेव्हांपासून त्यांत पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी त्यांतील लहान स्प्रिंगा, रबरी कडीं व पातळ पडदे यांची नाजूकता गेलेली नाहीं. खाऱ्या पाण्यांतून काढल्यावर गोड्या पाण्यानें धुतला नाहीं तर रेग्युलेटरांत मीठ धरतें. नुसता पडून राहिला तर रबर कडक होतें. आणि ठराविक मुदतीनें जाणत्या कारागिराकडून तो उघडून तपासून घ्यावा लागतो. शिक्षकानें आम्हांस विचारलें, “यवतमाळांत हें कोण करील?”

कपाटांत ठेवलेला रेग्युलेटर आमच्या मुलीचा असता हें खरें. पण त्याची खबर ठेवणारें कोणी नसतें. उलट तेथील केंद्रांत एक माणूस रोज संध्याकाळीं पिंपांत गोडें पाणी भरून सगळें सामान बुडवून काढीत होता. कोणत्या रेग्युलेटरांतून थोडी हवा गळते तें त्याला न पाहतां सांगतां येत होतें. पावती कोणाच्या नांवावर फाटली आहे तें पाहून कायदा मालक ठरवितो, आणि कायद्यानें तसेंच ठरविलें पाहिजे. पण ज्याच्यावर प्राण सोंपवावयाचा त्या वस्तूच्या बाबतींत पावतीला काय अर्थ आहे? तेथें रोज हात फिरविणारा तो माणूसच आम्हांस खरा धनी वाटला.

येथें वाचक म्हणतील कीं, सर्वच केंद्रांत असा माणूस असतो कशावरून? नसतो, हें आम्हांस मान्य आहे. म्हणूनच शिकाऊ पाणबुड्यास पहिल्या दिवसापासून भाड्याचें सामान पारखावयास शिकवितात. सिलिंडरावर ठोकलेली तपासणीची तारीख वाचावयाची. हवा हुंगून पाहावयाची, तेलाचा वास आला तर सिलिंडर परत करावयाचा. रेग्युलेटर तोंडांत धरून चारदोन श्वास घेतांना दाबाच्या कांट्याकडे पाहावयाचें, कांटा श्वासाबरोबर खालीं-वर हलला तर सिलिंडरची झडप पुरती उघडलेली नाहीं असें समजावयाचें. विकत घेतलेल्या वस्तूविषयीं अज्ञानी राहण्याची आपण स्वतःस सवलत देतों. “चांगली महागाची आहे” म्हटलें कीं आपली चौकशी संपते. उसन्या वस्तूच्या बाबतींत ही सवलत मिळत नाहीं. मुलीच्या पेल्याच्या युक्तिवादाला आम्हांस एवढेंच उत्तर सांपडलें: पेला आपला आहे कीं दुसऱ्याचा हें पाहण्यापेक्षां तो धुतला आहे कीं नाहीं हें पाहावयास आम्हीं तिला शिकवावयास हवें होतें. जंतुनाशक पाण्यांत बुडवून काढलेला तोंडाचा तुकडा तिनें स्वतः पाहिला आणि तो प्रश्न तेथेंच मिटला.

मग शिक्षकानें विचारलें, “पण हिचा स्वतःचा मास्क होता ना? तो कुठें आहे?” मुलगी गप्प बसली. आम्हीही गप्प बसलों, कारण तो मास्क आम्हींच दिलेला होता.

तिचा वाढदिवस फेब्रुवारींत येतो. अभ्यासक्रमास जाणार हें ऐकून आम्हीं यवतमाळांत बसल्या जागीं, चित्र व किंमत पाहून, एक उत्तम मास्क मागवून तिला पाठविला होता. पैशांचें कारण सांगणाऱ्या बापानें आपण कंजूष नाहीं हें दाखविण्यासाठीं तो महागाचा निवडला होता, हेंही कबूल करावयास हवें. पण मास्कची परीक्षा किंमतीनें होत नाहीं. पट्टा न लावतां तो चेहऱ्यावर टेकवावयाचा आणि नाकानें हलकाच श्वास आंत ओढावयाचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो आपला. कपाळ, गाल व ओठांवरची जागा यांच्या हाडांशीं त्याची सिलिकोनची कड तंतोतंत बसावी लागते, आणि तशी हाडें दुसऱ्या कोणाचीं नसतात. (मिशी असलेल्यांस ही परीक्षा बहुधा साधत नाहीं, मास्क केसांमधून गळतो. आमची साधली नाहीं.) तेवीस वर्षें आम्हीं तो चेहरा रोजच्या रोज पाहिला होता. ताप आलेला, रुसलेला, परीक्षेच्या दिवशींचा, सर्व प्रकारचा. पण त्याच्या गालांची रुंदी आम्हांस ठाऊक नव्हती.

शिक्षकानें नंतर जें सांगितलें तें मुलीनें आम्हांपासून लपविलें होतें. अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या दिवशीं सहा मीटरांवर असतांना मास्कमधून पाणी शिरूं लागलें. एकदां तिनें शिकविल्याप्रमाणें नाकानें हवा फुंकून तें काढून टाकलें, दुसऱ्यांदा काढलें; तिसऱ्यांदा पाणी नाकांत गेलें, ती घाबरली, श्वास कोंडला आणि तिनें वर उसळी घेतली. दहा मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथें भरून घेतलेला श्वास कोंडून कोणी वर आला तर छातींतील हवा दुप्पट होऊं पाहते आणि फुप्फुस फाटतें. सहा मीटरांवरून येणाऱ्यासही तो धोका आहेच. म्हणून या विद्येचा पहिला नियम आहे कीं, पाण्याखालीं श्वास कधींही कोंडूं नये. शिक्षकानें तिचा दंड धरून तिला रोखलें, डोळ्यांसमोर स्वतःच्या तोंडांतून बुडबुडे सोडून दाखविले, तशी तिनें श्वास सोडला. पुढचें सर्व ठीक झालें. “तुमचा मास्क आहे म्हणून ती बदलायला तयार नव्हती,” तो म्हणाला. त्यांत ठपका नव्हता. पण आम्हांस तो लागला.

आमच्या मूळच्या समजुतींतील चूक आम्हांस तेथें दिसली. प्राण वांचविणारें तें आपलें असावें ही भावना आम्हीं आपल्यावरून मुलीवर आणली, आणि मग आम्हीं देऊं तें तिचें असेंही परस्पर ठरवून टाकलें. जें अंगाशीं जुळावयाचें तें दुसऱ्याला आपल्या वतीनें निवडतां येत नाहीं, मग तो बाप कां असेना. लग्नें, शिक्षणाच्या शाखा, नोकऱ्या, यांबाबत आमच्या पिढीनें मुलांना किती मास्क घरबसल्या मागवून दिले असतील, आणि किती मुलांनीं ते आमचे आहेत म्हणून गळत असतांनाही चेहऱ्यावर ठेवले असतील, हा विचार परतीच्या प्रवासांत आमच्या मनांतून गेला नाहीं.

रेग्युलेटराची आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्याला तोंडांत धरावयाचे दोन तुकडे असतात. दुसरा बहुधा पिवळ्या रंगाचा असतो, त्याची नळी लांब असते, आणि तो छातीवर सहज हाताला लागेल असा अडकवितात. तो मुख्यतः सोबत्यासाठीं असतो. पूर्वीं एकाची हवा संपली तर दोघे एकाच तुकड्यानें आळीपाळीनें श्वास घेत. घाबरलेल्या माणसाकडून तो परत मिळेलच असा भरंवसा नसे, म्हणून दुसरा तुकडा आला. विक्रेत्याच्या यादींत तोही ‘आपल्या’ सामानांतच मोडतो. पण पैसे आपण द्यावयाचे आणि तो पिवळा ठेवावयाचा, तो दुसऱ्याला दिसावा म्हणून. वरच्या पंपवाल्याच्या हातून सुटलेल्या माणसानें शेजारच्या माणसाशीं हा नवा करार केला आहे.

हें पाहिलें तेव्हां मुलीला, आणि आम्हांलाही, दोन वर्षांपूर्वींचा बेंबळेचा कांठ आठवला. पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या ओळखीच्या घरचा मुलगा धरणांत बुडाला. भोई समाजांतील दोघे बुडी मारीत होते. अंगावर चड्डी, कमरेला दोर, दुसरें कांहीं नाहीं. गढूळ पाण्यांत ते श्वास कोंडून जात, मिनिटभरानें वर येत, होडीच्या कडेला धरून दम खात व पुन्हां जात. सायंकाळीं त्यांना मुलगा सांपडला. त्यांतील वयस्कर गृहस्थांस आम्हीं पैसे देऊं केले तेव्हां ते म्हणाले, “मास्तर, याचे पैसे घेत नसतात.” आम्ही कांठावर उभे होतों आणि आम्हांस पोहतांही येत नाहीं.

मुलीनें आपला मास्क मालवणास स्वतः निवडला. अकरा तिनें चेहऱ्याला लावून पाहिले, बारावा घेतला. तो दुकानांतला फार महागाचा नव्हता. बाकी सामान ती भाड्यानेंच घेते. उरलेल्या पैशांतून तिला पुढचे अभ्यासक्रम करावयाचे आहेत, आणि त्यांत बुडणाऱ्यास वर कसें आणावें हें शिकविणारा एक आहे. तो पुरा झाल्यावर पावसाळ्यांत सुटी घेऊन घरीं येईन म्हणते. समुद्रांतील शिक्षण धरणाच्या गढूळ पाण्यांत जसेंच्या तसें उपयोगी पडत नाहीं, तेथें झुडपें, तारा, जुनीं जाळीं असतात, असें आम्हीं तिला सांगितलें. तें खरें आहे, आणि आमच्या भीतीस सोयीचेंही आहे. तिनें परवानगी मागितलेली नाहीं, फक्त कळविलें आहे. आम्हीं अद्याप उत्तर लिहिलेलें नाहीं.