मुक्यांची वेदना

दुसऱ्यास दुखतें हें आपणांस कळतें तरी कसें? माणूस निदान बोलून दाखवितो. पण ज्यास वाचा नाहीं त्या जनावराविषयीं निर्णय कशावरून करावयाचा? सतराव्या शतकांत देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानें पशूंस यंत्रांच्या पंक्तीस बसविलें. उलट १७८९ सालीं बेंथाम या इंग्रज पंडितानें, नीतीच्या दृष्टीनें प्राण्याची बुद्धि नव्हे तर त्याची दुःख सोसण्याची पात्रता महत्त्वाची, असा पक्ष मांडिला.

हा वाद आम्हांस अगदींच परका नाहीं. आमच्या धाराशिवजवळील लेण्यांत तीर्थंकरांच्या मूर्ति आहेत. त्या ज्या जैन दर्शनाच्या, त्यानें जीवांचे वर्ग इंद्रियांच्या संख्येवरून पाडिले. ज्यास एकच इंद्रिय, त्यास तें स्पर्शाचें. डोळे आणि कान मागाहून. जीवपणाची पहिली खूण स्पर्श.

आधुनिक विज्ञानानेंही स्पर्शाचा माग घेतला आहे. मज्जातंतूंच्या टोकांशीं असलेलें एक प्रथिन मिरचीच्या तिखटानें जागें होतें, आणि सुमारें ४३ अंश सेल्सिअसवरील उष्णतेनेंही, हें डेव्हिड ज्युलियस यांनीं दाखविलें. दाब जाणणारीं प्रथिनें आर्डेम पॅटापुटियन यांनीं शोधिलीं. दोघांस २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हीं प्रथिनें केवळ माणसाची मिरास नव्हेत. गाईगुरांतही तीं आहेत. पोपट मिरची खुशाल खातो, कारण पक्ष्यांतील त्या प्रथिनास तिखट जाणवत नाहीं. पण चटका त्यासही बसतो.

आक्षेपक म्हणेल, तंतूंतून इशारा गेला म्हणजे दुःख झालेंच असें नाहीं. झोपेंतही माणूस पाय आखडून घेतो. आक्षेप रास्त आहे. परंतु २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, लंगड्या कोंबड्यांनीं वेदनाशामक औषध मिसळलेलें खाद्य धडधाकट कोंबड्यांहून अधिक खाल्लें. लंगडेपणा जितका तीव्र, तितकें अधिक. यंत्र औषध निवडीत नाहीं.

तरीही नुसतें ज्ञान पुरत नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांस ठाऊक आहे. भजनाच्या तंद्रींत चिखल तुडवितांना पोटचें पोर पायांखालीं आलें, तें त्यांस कळलें नाहीं. भाविक तींत तल्लीनता पाहतात. आम्हांस आणखी एक गोष्ट दिसते. पायांस स्पर्श झाला होता, लक्ष मात्र तेथें नव्हतें. आपली तल्लीनता तर भक्तीचीही नसते. ती पेरणीच्या घाईची, बाजारभावाची, ताटांतील रुचीची असते.

१९६० च्या कायद्यानें प्राण्यांस अनावश्यक यातना देणें गुन्हा ठरविलें. पण आवश्यक किती, हें ठरविणारे आपणच, आणि सोसणाऱ्यास तेथें मत नाहीं. पोळ्याच्या आदल्या दिवशीं शेतकरी हळद व तूप लावून बैलाचे खांदे मळतो. जूं जेथें घासतें तेथें दुखतें, हें समजण्यास त्यास कोणत्याही प्रयोगाची वाट पाहावी लागली नाहीं. पण पेरणीच्या दिवसांत त्याच हातांत पराणी येते, आणि पाऊस टळून गेला तर घर उपाशी राहील ही भीति तिच्या पाठीशीं असते. त्यास दोष देणें सोपें आहे. पराणी हातीं न धरितां त्याच कष्टाचें धान्य खाणारे आम्ही पांढरपेशे कोणत्या तोंडानें तो देणार?

मुक्यांस दुखतें कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर आतां बव्हंशीं मिळालें आहे. तें ऐकून आपण आपली कोणती सोय सोडूं, याचें उत्तर मात्र ज्याचें त्यानें द्यावयाचें आहे.