पिंजऱ्याबाहेरचा आरोपी

1881 साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नामक एका तरुण ब्राह्मण विधवेस, लोकलज्जेच्या भयाने स्वतःच्या नवजात अर्भकाची हत्या केल्याबद्दल, फाशीची सजा फर्मावली. पुढे अपिलात ती सौम्य झाली. परंतु ज्याच्यामुळे तिच्यावर हा प्रसंग गुदरला तो पुरुष आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हताच. पुण्यातील एका वृत्तपत्राने तर या खटल्याचे निमित्त करून समस्त स्त्रीजातीच्या शीलावर कोरडे ओढले.

त्या मजकुराने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतप्त झाल्या आणि 1882 मध्ये त्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्यात छापून निघाला. साहस, कपट, दुर्बुद्धी असे जे दोष परंपरेने स्त्रियांच्या माथी मारले, त्यांतील एकेक हाती घेऊन तोच पुरुषांत किती पटींनी आहे याचा जाब त्या रोखठोक घरगुती बोलीत विचारीत जातात: बायको मरताच पुरुषाने दुसरी करावी, आणि नवरा मेल्यावर तिने मात्र केशवपन करून, अलंकार उतरवून, मंगलकार्यात तोंडही न दाखविता जन्म कंठावा, ही वहिवाट कोणत्या न्यायाची? आणि त्याच विधवेस गोड बोलून नादी लावणारा, दिवस गेल्याचे कळताच हात झटकणारा, तो तेवढा अब्रूदार कसा? ताराबाई येथे दयेची याचना करीत नाहीत. लज्जेचा बोजा त्या त्याच्या खऱ्या धन्याच्या दारी नेऊन टाकतात, आणि त्यांचे हे सामर्थ्य मला पांडित्याहून थोर वाटते. आजही फसविल्या गेलेल्या मुलीने फिर्यादीचा विचार बोलून दाखविला की घरची वडीलधारी माणसे ‘आपलीच अब्रू जाईल’ म्हणून तिला गप्प करतात; फसविणाऱ्याच्या घरी अब्रूची ही काळजी कोणी वाहत नाही.

मात्र एकाकी धैर्याकडून सर्व काही अपेक्षिणे हेही क्रौर्यच. ताराबाईंवर टीकेचा भडिमार झाला तेव्हा जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. त्याच फुल्यांनी सावित्रीबाईंसह 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून, अशा विधवांनी येथे निर्धास्तपणे बाळंत व्हावे असे जाहीर आवाहन केले होते. तेथे आलेल्या काशीबाई नामक ब्राह्मण विधवेचा पुत्र यशवंत यास त्यांनी दत्तक घेतले, आणि 1887 च्या मृत्युपत्रात वारस म्हणून त्याचेच नाव लिहिले.