हात देणारी माणसं आणि उंच पायरी

पहूरला चार वाटा भेटतात. जळगावहून अजिंठ्याकडं जाणारा महामार्ग गावातूनच जातो. एक फाटा जामनेरला, दुसरा शेंदुर्णीवरून पाचोऱ्याला. गाव लहान, पण गाडी बदलणारे फार. पूर्वी पाचोरा–जामनेरची 'पीजे' ही छोटी रेल्वेही इथं थांबायची. २०२० साली, करोनात, ती बंद पडली. तेव्हापासून ज्याच्याकडं स्वतःचं वाहन नाही त्याची सगळी भिस्त एस.टी.वर आणि काळीपिवळीवर.

आपल्याकडं कुबडीवाला माणूस गाडीपाशी आला की हात कमी पडत नाहीत. कोणी बगलेत धरतं, कोणी कुबड्या आत घेतं, कंडक्टर 'जागा द्या, जागा द्या' म्हणून ओरडतो. माझ्या मामांना पोलिओ होता. त्यांनाही लोक असंच चढवत. जागेवर बसल्यावर मामा सदरा ओढून नीट करायचे आणि दोन-तीन गावं जाईपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं, मामा रागावलेत. न विचारता अंगाला लागलेले चार हात ते मनातून झटकत असावेत, हे मला फार उशिरा सुचलं.

मला त्या हातांबद्दल तक्रार करायची नाही. पण एक गोष्ट बोलायलाच हवी: माणसं चांगली आहेत म्हणूनच पायरी उंच राहिली आहे. रोज कोणीतरी उचलून घेतं, गाडी सुटते, कोणाचं काही अडत नाही. मग ती गुडघ्याएवढी पायरी कमी करायची कोणी आणि कशाला? अजिंठ्याच्या लेण्यांत पायऱ्या चढवत नसतील तर डोलीवाले मिळतात, आणि त्यांना पैसे मोजून, आपण होऊन बोलावता येतं. एस.टी.च्या दारात ही निवडसुद्धा नसते.

सरकारनं सवलत मात्र सढळ हातानं दिली आहे. दिव्यांग प्रवाशाला तिकिटात ७५ टक्के सूट. अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मं तिकीट. सोबत्याच्या या सवलतीत एक कबुली दडलेली आहे, की हा माणूस एकटा चढू शकणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे. आणि सवलतीसाठी जे प्रमाणपत्र लागतं ते काढायला सरकारी रुग्णालयात जावं लागतं. म्हणजे आधी पूर्ण तिकीट काढून तीच पायरी चढायची.

आता फलाट. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार, हा सर्वमान्य हिशेब आहे. त्याहून चढ असला की चाकाची खुर्ची हातानं ढकलत वर नेता येत नाही आणि खाली येताना ती आवरत नाही. खानदेशातल्या एका स्थानकावर मी उतार पावलांनी मोजला, दोन पावलांत संपला. त्याच्या तोंडाशी मोटारसायकल उभी होती. पण तो बारा फुटांचा असता तरी काय? गाडी फलाटाला लागलीच नाही. ती बाहेर रस्त्यावर थांबली आणि लोक पळाले. ज्याला पळता येतं त्याचंच ते स्थानक.

आंधळ्या माणसाचं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. गाडीची पाटी त्याला दिसत नाही. वाहतूक नियंत्रक भोंग्यावरून गाडीचं नाव आणि फलाटाचा क्रमांक पुकारतो, ती त्याची खरी सोय. कोणी ती अपंगांसाठी केलेली नव्हती. सगळ्यांसाठी होती म्हणून टिकली. जिथं पुकारणं बंद होतं तिथं तो शेजारच्याला विचारत राहतो आणि शेजारचा मोबाइलमध्ये असतो. बहिऱ्याचं याच्या नेमकं उलट. त्याला भोंगा काय कामाचा? त्याला ठळक अक्षरातला फलक हवा.

ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहरानं १९९१ साली बसच्या तळाइतके उंच, नळकांड्यासारखे थांबे बांधले. प्रवासी थांब्यातून सरळ गाडीत पाऊल टाकतो, पायरीच नाही. अहमदाबादनं २००९ मध्ये हेच तत्त्व उचललं. आपल्या लाल गाडीच्या दारातच पायऱ्या आहेत, तेव्हा नुसता फलाट उंचावून भागायचं नाही. नवी गाडी घेतानाच दाराचा विचार करावा लागेल. पण तोवर चालकानं गाडी फलाटाला चिकटवून उभी करणं आणि दाराशी एक भक्कम पाट ठेवणं, याला कोणत्या निविदेची गरज आहे?

कायदा कमी पडलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली. नियम २०१७ च्या जूनमध्ये आले; मुदत २०२२ मध्ये सरली. राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

स्थानक एस.टी. महामंडळाचं, महामार्ग आणखी कोणाचा. पण घरापासून महामार्गापर्यंतची वाट, तिच्यातली उघडी गटार आणि तुटका ढापा गावाचाच असतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पहूरला पेठ आणि कसबे अशा दोन ग्रामपंचायती आहेत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्या पाच टक्क्यांचा हिशेब मागा, आणि सभा पायऱ्या चढून जायच्या जागी असेल तर ती आधी खाली घ्यायला सांगा.