पाडलेल्या शेडचं क्षेत्रफळ

लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये जुन्या गिरणीची चिमणी अजून उभी आहे. गिरणगाव गेलं म्हणून हळहळणाऱ्या आपल्या लेखांतही चिमणी आणि भोंगा हटकून असतात. चिमणी टिकली, कारण ती फारशी जागा अडवत नाही. कापड मात्र विणलं जायचं साचेखात्यात, आणि त्याच्या छपराबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

ते छपर करवतीच्या दात्यांसारखं असायचं. दात्याची एक बाजू उतरती, दुसरी काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे आत थेट ऊन येत नसे. सगळ्या साच्यांवर सारखा, सावली न पाडणारा उजेड पडे आणि तुटलेला धागा साचेवाल्याला चटकन दिसे. पण उजेड छपरातून घ्यायचा तर वर मजला चढवता येत नाही. सूत काढणारी खाती मजल्यांवर गेली तरी साचेखातं जमिनीवरच ऐसपैस पसरलं.

या पसरण्यानेच पुढे घात केला.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि यंत्रांपेक्षा त्यांच्या खालच्या जमिनीला भाव आला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 1996 मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने सुचवलं की गिरण्यांचा सुटासुटा विचार नको, सगळ्या परिसराचा एकत्र आराखडा करा. सूचना कागदावर राहिली.

2001 मध्ये नियम बदलला. वाटणी आता संपूर्ण जमिनीची नाही, फक्त मोकळ्या जमिनीची. शेडखालची जमीन, मग ती शेड पाडली तरी, वाटणीबाहेर. साचेखात्यांनी आवार व्यापलेलंच होतं, त्यामुळे वाटायला उरलं ते किती? 2005 मध्ये उच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2001 चा बदल वैध ठरवला.

म्हणजे इमारत पाडायला मोकळीक, पण तिचं क्षेत्रफळ मालकाच्या हिशेबात अमर. इतिहास जपण्याची ही तऱ्हा जगात इतरत्र असेल तर मला ठाऊक नाही. शहराच्या वाट्याची मैदानं आणि घरं आक्रसली. माणसं मात्र वाढली. पूर्वी पाळीला चालत जाणाऱ्या कामगारांच्या वस्तीत आता लोकलने हजारो नोकरदार उतरतात, त्याच अरुंद जिन्यांवरून. 29 सप्टेंबर 2017 ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. साऱ्याचा दोष एका नियमावर टाकणार नाही, पण सगळ्या परिसराचा एकत्र आराखडा केला असता तर स्टेशन, पूल आणि पादचारी एकाच नकाशावर आले असते.

गिरणगावातल्याच डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीही आता पाडल्या जाताहेत, त्याचं मला तेवढं दुःख नाही. 160 चौरस फुटांच्या खोलीत आणि सामाईक संडासाच्या रांगेत आयुष्य काढलेल्यांना तिथेच 500 चौरस फुटांचं घर मिळणार असेल, तर त्या भिंती वारसा म्हणून राखा असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? तिथे निदान पाडलेल्या जागेचा वाटा राहणाऱ्याच्या पदरात पडतो आहे. साचेखात्यात राबणाऱ्यांतले कितीतरी जण मात्र अजून म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून बसले आहेत.