न शिवलेले पाणी

न्यूझीलंडचा प्रवास ठरला, तेव्हा तिथल्या वाइकोरोपुपू या गोड्या पाण्याच्या झऱ्यात बुडी मारायचा बेत मी आखला. १९९३ साली त्या पाण्यात ६३ मीटरपर्यंत दिसल्याची नोंद आहे! पोहण्याचा चष्मा, स्नॉर्केल, सारी जय्यत तयारी झाली. मग कळले, तिथे पाण्यात बोटही बुडवायची मनाई आहे. माओरी लोक तो झरा पवित्र मानतात.

मी चडफडलो. आम्हां तीर्थस्नान करणाऱ्यांना न शिवण्यात पुण्य कसले? आणि पाण्याला शिवण्याच्या हक्कासाठीच ना १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला?

मग उमगले. चवदार तळ्यावर काही माणसांनाच मज्जाव होता. इथे सर्वांना सारखाच. तिथे माणसाला हीन लेखले जाई. इथे पाण्याला जपले जाते.

बेत मी मोडलेला नाही. चष्मा तेवढा घरी ठेवणार आहे. काठावरून पाहायला डोळे पुरेत.