जाणत्याचे मौन

खोटे बोलू नये, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो. परंतु खरे ठाऊक असताना गप्प राहणे हे खोटे बोलण्यात मोडते किंवा नाही, हा प्रश्न मात्र आयुष्यभर पुरतो. बाजारात तर तो रोजच उभा राहतो. आपण विकत असलेल्या वस्तूतील दोष आपल्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकाने त्याविषयी काही विचारलेले नाही, आणि न विचारलेले सांगितले तर सौदा मोडणार आहे. अशा वेळी सदसद्विवेकबुद्धी आपल्याकडून कशाची अपेक्षा करते? या जुन्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात एक अगदी आजचे उदाहरण घेतले आहे. ते आहे संगणकाच्या वापरलेल्या ग्राफिक्स कार्डाचे.

संगणकाच्या पडद्यावरील चित्र तयार करण्याचे काम ज्या भागाकडे असते त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. अ‍ॅनिमेशन शिकणारे विद्यार्थी, इमारतींचे आराखडे काढणारे, लग्नसमारंभांच्या चित्रफिती संपादित करणारे आणि अर्थातच संगणकावर खेळणारे, या सर्वांना चांगल्या कार्डाची गरज असते. नवे कार्ड महाग, म्हणून बेताची मिळकत असलेला माणूस वापरलेल्या कार्डाकडे वळतो. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला लॅमिंग्टन रोड, ही अशा सुट्या भागांची ख्यातनाम बाजारपेठ. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची कार्यपद्धती बदलली आणि ते चलन मिळवण्यासाठी जगभर रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे विक्रीस आली. असे राबवलेले प्रत्येक कार्ड बाद झालेले असते असे नव्हे. पण त्याने किती सोसले आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही. घोड्याचे दात पाहून त्याचे वय सांगता येते. कार्डाला दात नसतात.

समजा, वसईतील एका विद्यार्थ्याने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून असे एक कार्ड विकत घेतले. विक्रेत्याने ते त्याच्यासमोर पाच मिनिटे चालवून दाखवले. घरी आल्यावर साधी कामे नीट होतात. मात्र जड काम पंधरावीस मिनिटे चालले की पडदा एकाएकी काळा होतो, पंखे जोराने घोंगावू लागतात आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. 'मला फसवले' हा पहिला विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु तो खरा आहे काय?

पडदा काळा होण्याची कारणे अनेक असतात. सर्वांत साधे कारण म्हणजे मॉनिटरची सैल किंवा खराब केबल. दुसरे, आधीच्या कार्डाचा ड्रायव्हर पुरता न काढता त्यावरच नवा बसवलेला असणे. त्यासाठी विंडोज 'सेफ मोड'मध्ये सुरू करून जुना ड्रायव्हर मुळासकट काढावा लागतो. तिसरे, साचलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट यांमुळे वाढणारे तापमान. चौथे कारण वीजपुरवठ्याचे. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. उरलेली एसएमपीएसमधून येणाऱ्या स्वतंत्र केबलने पुरवावी लागते, आणि आठ पिनांच्या एका जोडणीची मर्यादा १५० वॉट असते. जड कामात कार्डाची मागणी क्षणार्धापुरती सरासरीच्या बरीच वर उसळते. स्वस्तातला किंवा थकलेला एसएमपीएस ती उसळी सोसू शकत नाही आणि सारे यंत्रच बंद पडते. अशा वेळी दोष विकत आणलेल्या कार्डात नसून ग्राहकाच्या स्वतःच्याच संगणकात असतो.

म्हणून शोध क्रमाने घ्यावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग पाहायचे. शेवटी ते कार्ड एखाद्या मित्राच्या सुस्थितीतील संगणकात बसवून तेच काम तितकाच वेळ चालवायचे, आणि तेवढीच वीज घेणारे मित्राचे कार्ड आपल्या संगणकात बसवून पाहायचे. दोष कार्डाबरोबर मित्राच्या घरी गेला तर कार्ड सदोष. दोष आपल्याच घरी राहिला तर कार्डावरचा आरोप मागे घ्यावा लागेल.

सकृद्दर्शनी हा निव्वळ तांत्रिक खटाटोप वाटेल. वस्तुतः तो न्यायाचाच एक भाग आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात पुरेशा आधाराविना दुसऱ्याला दोषी धरणे हा आठव्या आज्ञेचा भंग मानला आहे, आणि शेजाऱ्याच्या कृतीचा शक्यतो चांगला अर्थ लावावा असे सांगितले आहे. बाजारातील छोट्या दुकानदाराचे भांडवल म्हणजे त्याचे नाव. स्वतःचा एसएमपीएस न तपासता त्याला चारचौघांत चोर म्हणणारा ग्राहक त्याच्यापासून अशी गोष्ट हिरावून घेतो, जी पैशापेक्षाही परत करण्यास कठीण असते. फसवणुकीची तक्रार ही एक साक्ष आहे, आणि साक्ष देणाऱ्याने आधी नीट पाहिलेले असले पाहिजे.

आता समजा, सर्व तपासानंतर कार्डच सदोष ठरले. येथेही दोन शक्यता उरतात. विक्रेत्याने ते ठोक खरेदीत घेतलेले असेल आणि त्यालाही दोष ठाऊक नसेल. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील अन्यायाचा जो विचार केला आहे, त्यानुसार अजाणता सदोष वस्तू विकणाऱ्याला पाप लागत नाही. मात्र दोष कळताच नुकसानभरपाई करण्यास तो बांधलेला असतो. अजाणतेपणा त्याला दोषमुक्त करतो, देणेमुक्त करीत नाही.

दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे. कार्डाच्या मुख्य चिपखाली सोल्डरचे शेकडो सूक्ष्म सांधे असतात. वारंवार तापण्या-निवण्याने त्या भागातील एखाद्या जोडाला तडा जाऊ शकतो. असे बंद पडलेले कार्ड ओव्हनमध्ये सुमारे २०० अंश सेल्सियसला काही मिनिटे भाजून पुन्हा चालते करण्याची एक युक्ती संगणक दुरुस्त करणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. शिसे नसलेले सोल्डर वितळण्यास साधारण २१७ अंश लागतात. म्हणजे या भाजण्याने सांधा खऱ्या अर्थाने जुळत नाही, तुटलेले संपर्क काही काळ एकमेकांना टेकतात एवढेच. कार्ड काही दिवस किंवा काही आठवडे चालते आणि पुन्हा बंद पडते. हे ठाऊक असलेला विक्रेता ते कार्ड गिऱ्हाइकासमोर पाच मिनिटे चालवून दाखवतो. तो एकही शब्द खोटा बोललेला नाही. कार्ड चालते, हे त्या पाच मिनिटांपुरते खरेच आहे. तरीही त्याने फसवले असे आपले मन का म्हणते?

हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इसवी सनपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात डायोजिनिस आणि अँटिपॅटर या दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा मतभेद नोंदवला आहे. उदाहरण एका घराचे आहे: लाकूड कुजलेले, खोल्यांत साप निघतात, आणि हे मालकाखेरीज कोणालाही ठाऊक नाही. डायोजिनिसचे म्हणणे असे की न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. घर घ्या म्हणून मालकाने कोणावर बळजबरी केलेली नाही. अँटिपॅटर मात्र म्हणतो की वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट, कारण येथे दुसऱ्याला जाणूनबुजून चुकीच्या वाटेने जाऊ दिले जाते. सिसेरोचा कौल अँटिपॅटरच्या बाजूने पडतो. जे दुसऱ्याला कळणे त्याच्या हिताचे आहे, ते आपल्या लाभासाठी त्याला कळू नये अशी इच्छा धरणे, यालाच तो लपवणे म्हणतो.

अक्वायनस यांनी या विचाराला अधिक रेखीव रूप दिले. दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि विक्रेत्याने त्या मानाने किंमत कमी केली असेल, तर तोंडाने सांगण्याचे बंधन नाही. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर सांगणे हे न्यायाचे कर्तव्य ठरते. यापुढचे त्यांचे निरीक्षण मोठे व्यवहारी आहे. विक्रेत्याने चौकात दवंडी पिटून आपल्या मालाचे दोष जाहीर करण्याची गरज नाही; त्याने गिऱ्हाइके आधीच पळून जातील. मात्र जो प्रत्यक्ष विकत घ्यायला येतो त्याला ते सांगितले पाहिजे, कारण एका बाबतीत सदोष असलेली वस्तू दुसऱ्या बाबतीत उपयोगी असू शकते, आणि तो हिशेब करण्याचा अधिकार घेणाऱ्याचा आहे. बंद पडणाऱ्या कार्डाचेही पंखे, उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग किंवा इतर चिपा दुरुस्ती करणाऱ्याच्या कामी येतातच.

आपल्या देशातील कायदा इतका पुढे जात नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमाखाली दिलेल्या उदाहरणांत योगायोगाने घोडाच आहे. आपला घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही तो लिलावात काही न बोलता विकणे ही कपटकृती नव्हे, असे पहिले उदाहरण सांगते. मात्र विकत घेणारी व्यक्ती विक्रेत्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे तिला सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. वाचकहो, या दुसऱ्या उदाहरणाशी जरा थांबावे. मौन पुरेसे नाही अशी काही नाती असतात, हे कायद्यालाही मान्य आहे. प्रश्न एवढाच उरतो की त्या नात्याची सीमा कोठे आखायची. कायदा ती घराच्या उंबरठ्याशी आखतो. 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नाला उत्तर देताना प्रभू येशूने ती यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावर, एका अनोळखी जखमी माणसापर्यंत नेली. ख्रिस्ती माणसाला दुकानाच्या फळीपलीकडे उभे असलेले गिऱ्हाईकही परके मानता येत नाही.

येथवर आपण विक्रेत्याला तोलले. परंतु खरी कसोटी त्या विद्यार्थ्याची आहे. विक्रेता पैसे परत करण्यास नकार देतो. आता ते कार्ड त्याच्या हाती आहे, दोष त्याला ठाऊक आहे, आणि तेही पाच मिनिटे उत्तम चालते. 'मला जसे मिळाले तसेच मी पुढे विकीन. मी दोष निर्माण केलेला नाही. मी कोणाला फसवत नाही, केवळ माझे पैसे मोकळे करतो,' असे तो स्वतःला सांगू शकतो. त्याचे दुःख खरे आहे, आणि म्हणूनच हा मोह मोठा आहे. पण अन्याय सोसल्याने तो पुढे लोटण्याचा परवाना मिळत नाही. ज्याने आपले नुकसान केले त्याच्याकडे भरपाई मागणे हा न्याय. ज्याने काहीच केलेले नाही अशा तिसऱ्याकडून ती वसूल करणे ही चोरी. खोटी नोट हाती आली म्हणून ती पुढच्या दुकानात खपवणाऱ्याला आपण प्रामाणिक म्हणत नाही.

यावर आक्षेप येईल की मग नुकसान नेहमी भल्या माणसानेच सोसायचे काय? आक्षेप वाजवी आहे. न्यायाचा मार्ग म्हणजे निमूटपणे सोसणे नव्हे. त्याने तपासाच्या नोंदी घेऊन विक्रेत्याकडे पुन्हा जावे, ठामपणे भरपाई मागावी, ओळखीच्यांना खरी हकीकत सांगावी. कार्डाचा वेग व वीजवापर थोडा कमी करून ते स्थिर चालते काय, हे पाहावे. तेही न साधल्यास दोष स्पष्ट सांगून ते दुरुस्ती करणाऱ्याला सुट्या भागांच्या किमतीत द्यावे. एवढे करूनही काही हजार रुपये बुडतीलच, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते रुपये म्हणजे एक साखळी आपल्या हातापाशी तोडण्याची किंमत आहे, आणि बेताच्या मिळकतीच्या घरात ती लहान नसते.

ती का मोजावी? कारण वापरलेल्या वस्तूंचा बाजार हा मुख्यतः अल्पउत्पन्न माणसांचा बाजार आहे. नव्या वस्तूबरोबर हमीपत्र मिळते. जुन्या वस्तूबरोबर मिळतो तो केवळ विकणाऱ्याचा शब्द. तो शब्दही गेला तर ज्यांना नवे परवडत नाही त्यांच्यासाठी बाजारच उरत नाही. गोरगरिबांना धान्याबरोबर भुसा विकणाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने जे कोरडे ओढले, ते याच कारणासाठी. आणि जक्कयाने प्रभूसमोर केवळ पश्चात्ताप व्यक्त केला नाही. ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे वचन दिले. परतफेडीवाचून पश्चात्ताप अपुरा राहतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण बाजारातील व्यवहारालाही लागू आहे.

याबाबत समाज म्हणून आपलीही जबाबदारी आहे. एखाद्याने बिघडलेली मोटारसायकल किंवा गळका पंप दुसऱ्याच्या माथी मारल्याची हकीकत आपल्याकडे पुष्कळदा हुशारीची गोष्ट म्हणून हसत ऐकली जाते. त्या हसण्यात आपण सहभागी होतो तेव्हा पुढच्या विक्रेत्याला मौनाचा धडा मिळत असतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. मागच्याला शहाणे व्हायचे असेल तर ठेच लागलेल्याने तोंड उघडले पाहिजे. त्या विद्यार्थ्याकडे उद्या कोणी ते कार्ड विकत घ्यायला आले, तर "पंधरा मिनिटांनी पडदा काळा होतो" हे वाक्य त्याने किंमत सांगण्याआधी उच्चारावे.